निरोगी स्वयंसेवक

दुसऱ्याच्या दुखण्याची आमच्या हिच्या मामांइतकी मनापासून विचारपूस करणारा माणूस मला आजवर भेटला नाही, आणि विचारपूस करता यावी म्हणून ते दुखणं आधी आपल्याच हाताने द्यायची एवढी हौस असलेला माणूसही नाही. मामा नंदाखालला राहतात. चर्चच्या मागच्या अंगाला त्यांची केळीची बाग आहे, बागेत घर आहे, घराला पडवी आहे आणि पडवीत एक निळी बादली आहे. उंच, किडकिडीत देह, गळ्यात एका दोरीला क्रूस आणि दुसऱ्या दोरीला स्टॉपवॉच. निवृत्तीपर्यंत मामा मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. तिथल्या त्यांच्या खात्याचं काम असं, की धडधाकट माणसांना बोलावून घ्यायचं, त्यांची सही घ्यायची, त्यांना इजा होणार नाही इतपत आणि अगदी मोजून दुखवायचं, आणि कोणाला कधी दुखायला लागतं, किती दुखतं, कोण किती वेळ सोसतं ते लिहून ठेवायचं. वेदनाशामक औषधं आधी अशा माणसांवर पारखतात, हे मला मामांमुळे कळलं. मी एकदा विचारलं, की दुखणाईत माणसांचा एवढा सुकाळ असताना चांगल्या माणसांना कशाला छळायचं? तेव्हा मामा माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसे बघत म्हणाले, "जावई, आजारी माणसाच्या दुखण्यात भीती असते, झोप नसते, सून नीट बोलत नाही तेही असतं. निरोगी माणसाला दिलेलं दुखणं स्वच्छ असतं. गाळून घेतलेलं."

हे गाळून घेतलेलं दुखणं द्यायची त्यांची मुख्य तऱ्हा म्हणजे ती बादली. तीत पाणी, पाण्यात बर्फ, बर्फात थर्मामीटर. स्वयंसेवकाने मनगटापर्यंत हात बुडवायचा. दुखायला सुरुवात झाली की "लागलं" म्हणायचं, सोसवेनासं झालं की "बस" म्हणून हात काढायचा, आणि मग शून्य ते दहामधला एक आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आपल्याला कल्पना करता येईल तेवढं सगळ्यात वाईट. तीन मिनिटं झाली की मामा स्वतःच हात बाहेर काढायला लावत, मग समोर कितीही मोठा पैलवान असो. हाताभोवतीचं पाणी कोमट होऊ नये म्हणून ते सतत ढवळत राहावं लागतं. त्यासाठी मामींची वरणाची पळी सकाळीच स्वयंपाकघरातून नाहीशी होई, म्हणून त्या घरात वरण नेहमी उशिरा. प्रयोग संपला की स्वयंसेवकाला बागेतलं एक वेलची केळं. कॉलेजात मुलांना चहा आणि वडापाव देत असत, पण केळ्याने माणूस जास्त खरं बोलतो, असं मामांचं मत होतं. त्याला आधार काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

बर्फ पुरवायची अर्नाळ्याहून येणारी मासळीवाली. मासळी विकून झाली की टोपलीतला उरलेला बर्फ ती मामांच्या बादलीत ओती. एरवी कोणाला उधार बांगडा न देणारी ही बाई बर्फ मात्र फुकट देई, कारण त्या बादलीचा गावातला विक्रम तिच्या नावावर होता. तिने पूर्ण तीन मिनिटं हात ठेवला होता आणि तेवढ्या वेळात समोरून जाणाऱ्या दोन गिऱ्हाइकांशी भाव केला होता. मामांनी आकडा विचारला तर म्हणाली, "ह्यात दुखायचं काय? आमचा हात जल्मापासून बरफातच हाय. पानी जरा गरमच वाटतं तुमचं." मामांनी तिचं नाव यादीतून काढून टाकलं. सवयीचा हात प्रयोगाला चालत नाही, असं त्यांनी तिला समजावलं. ती आठ दिवस रुसली होती. त्या आठवड्यात बर्फही आला नाही आणि वरण वेळेवर झालं.

माझी आणि बादलीची पहिली गाठ लग्न ठरायच्या दिवशी पडली. मी विरारच्या मनवेलपाड्यात राहणारा, शाळेत मराठी शिकवणारा साधा माणूस. दुखण्याच्या बाबतीत तर मी पुळचट आहे, हे आमच्या बिल्डिंगखालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही ठाऊक आहे. हिचे वडील लवकर गेले, तेव्हा मुलगा बघायचा मान मामांचा. मला वाटलं, पगार विचारतील, फार तर प्रार्थना म्हणायला लावतील. मामांनी चहाच्या आधी एक छापील कागद पुढे केला. पहिला प्रश्न होता, 'आपण निरोगी आहात का?' शेवटी जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'स्वयंसेवकाला कोणत्याही क्षणी प्रयोगातून बाहेर पडता येईल. त्याचं कारण सांगण्याची गरज नाही.' मला तो लग्नाचाच काहीतरी करार वाटला आणि मी सही केली. पडवीत हिच्या चार आत्या, दोन मावश्या आणि मामी ओळीने बसल्या होत्या. हीसुद्धा दाराआडून बघत होती. इतक्या बायकांसमोर हात बुडवल्यावर पुरुषाने काय करायचं असतं ते मला माहीत होतं. पण बेचाळिसाव्या सेकंदाला माझ्या तोंडून जे निघालं ते "बस" नव्हतं, ते "आई गं" होतं, आणि हात काढताना मी बादलीही कलंडवली. आत्यांनी पदर तोंडाला लावले. स्थळ हातचं गेलं, अशी माझी खात्री झाली. मामांनी वहीत शांतपणे नोंद केली, मला केळं दिलं आणि मामींना म्हणाले, "मुलगा चांगला आहे. मागच्याने तीन मिनिटं हात ठेवला होता आणि आकडा एक सांगितला होता. असल्या माणसाच्या घरात पोरीला कधी काही कळलं नसतं. दुखलं की हात काढतो तो माणूस भरवशाचा." माझ्या भित्रेपणाचं असं चीज त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

या धंद्यात उभा जन्म घालवल्यामुळे मामांची बोलायची रीतच बदलून गेली होती. "कसं काय?", "बरं आहे ना?" हे त्यांच्या तोंडी कधी येत नसे. ते विचारत, "किती?" कोणाची कंबर धरली, "किती?" कोणाची दाढ ठणकते, "किती?" आमच्या मुलीच्या वेळी ही प्रसूतीच्या खोलीतून बाहेर आली, सगळे बाळाकडे धावले आणि मामा हिच्याकडे. "किती होते?" हिने थकून "दहा" म्हटलं. मामांनी विचारलं, "दहाच्या पुढे काही कल्पना करता येते का?" ही म्हणाली, "तुम्ही अजून दोन मिनिटं इथे उभे राहिलात तर येईल." एकदा विरारहून नंदाखालला येताना रिक्षावाल्याचं बोट सीटच्या पत्र्यात चेपलं. मामांनी रिक्षा तिथेच थांबवून घेतली, खिशातून दहा सेंटिमीटरची रेघ आखलेली पट्टी काढली आणि पेन त्याच्या हातात देऊन म्हणाले, या टोकाला काही नाही, त्या टोकाला सगळ्यात वाईट, तुमचं दुखणं कुठे बसतं तिथे खूण करा. तो तरुण मुलगा बोट तोंडात धरून म्हणाला, "अंकल, तुम्ही आधी रिक्षातून उतरा ना प्लीज, मग करतो मार्क." आम्ही उरलेला रस्ता चालत आलो.

आमच्या फादरांनाही मामांनी सोडलं नाही. उपवासकाळात एका रविवारी त्यांनी सोसण्यावर चाळीस मिनिटं प्रवचन दिलं. मिस्सा झाल्यावर मामा त्यांना भेटले आणि अदबीने म्हणाले, "फादर, आपण निरोगी आहात ना?" फादर तरुण होते, हसरे होते, पडवीत आले आणि झग्याची बाही वर सारून त्यांनी हात बुडवला. अठरा सेकंद. मामांनी त्यांना केळं दिलं आणि कोणाला आकडा सांगितला नाही, कारण स्वयंसेवकाची माहिती गुप्त ठेवायची असते. पुढच्या रविवारचं प्रवचन बारा मिनिटांत आटोपलं, यावरून गावाने काय ते ओळखलं.

प्रत्येक प्रयोग मात्र साधेच असं नाही. मे महिन्यात मामांकडे वर्षाचा मसाला होतो. अंगणात लाल मिरच्या वाळत पडतात आणि कांडणाऱ्या बाया येतात. कॉलेजात मिरचीच्या अर्काचं मलम हातावर लावून आग मोजत असत. ते मलम मामांकडे नव्हतं, पण अंगणभर मिरच्या होत्या. त्यांनी थोडी पूड तेलात कालवली, बायांच्या मनगटाच्या आतल्या अंगाला रुपयाएवढी लावली आणि घड्याळ लावून बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बाया कांडत होत्या, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत होत्या, आग कोणालाच नव्हती. मलमात काही दम नाही, असं ठरवून मामांनी ते हाताने पुसून टाकलं, आणि थोड्या वेळाने त्याच हाताने डोळा चोळला. त्यानंतर जे झालं त्याला आकडा कोणी विचारला नाही. मामी तांब्याने डोळ्यावर पाणी ओतत होत्या आणि मामा एका डोळ्याने स्टॉपवॉच बघत होते.

मामांच्या सगळ्या शास्त्राला पुरून उरल्या त्या मामी. गोल चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या. कॉलेजात एकदा स्वयंसेवक कमी पडले तेव्हा नव्या लग्नाच्या मामींना मामा घेऊन गेले होते, तेव्हापासून त्या मामांच्या वहीत पहिल्या पानावर होत्या. पहिले एक-दोन प्रयोग सोडले तर त्यांचा आकडा नेहमी चार. बर्फात हात घातला, चार. गरम चहाचा पेला धरला, चार. अंगठ्याच्या नखावर मामांनी त्यांचं दाब मोजायचं यंत्र टेकवलं, चार. दाढ काढून आल्या, चार. नारळाच्या झावळीने खांदा उतरला तेव्हा डॉक्टर खांदा बसवत असताना मामांनी विचारलं, आणि दात आवळून मामींनी सांगितलं, "चार." मामा वैतागत. "हिची सगळी माहिती फुकट आहे," ते मला सांगत. "चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत आणि आलेख काढला तर सरळ रेघ. असं माणूस असूच शकत नाही." मामी आतून विचारत, "केळं देणार ना?" आणि विषय संपे.

मामांच्या वेंधळेपणावर आम्ही फार हसायचो. हे दोन-तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. एक दिवस ते आगाशीच्या बाजारातून परत आले तेव्हा एकाच पायात चप्पल. दुसरी कुठे गेली, तर त्यांना पत्ता नाही. एक पाय अनवाणी टाकत माणूस दीड मैल चालत आला आणि त्याला कळलं नाही, यावर आत्यांनी महिनाभर करमणूक करून घेतली. मग दुसऱ्यांदा तसंच झालं, तिसऱ्यांदाही. एकदा नाताळात नवे बूट घालून ते मध्यरात्रीच्या मिस्सेपासून दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत वावरले, आणि बूट काढला तर आतून सोड्याच्या बाटलीचं बिल्ल्यासारखं झाकण पडलं, दात असलेलं. मी म्हटलं, "मामा, किती?" ते हसून म्हणाले, "शून्य. विचारांत असलो की मला काही लागत नाही." आम्ही त्याला थोर माणसाची तंद्री समजलो. त्यांना साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या, पण हा आजार हल्ली घरटी एक असतो, त्याचा आणि चपलेचा संबंध जोडायची अक्कल आम्हाला नव्हती. संबंध जोडायची अक्कल ज्यांना असायला हवी होती ते स्वतःच तंद्रीत होते.

गेल्या वर्षी चर्चच्या सणाला सगळे मामांकडे जमलो होतो. जेवणं झाली, आणि पोरांनी धोशा लावला की आज मामांनीच बादलीत हात घालायचा. मामांच्या हाताला केळीचा लोंगर उतरवताना कोयता लागला होता, पट्टी होती, आणि जखमेचा हात बुडवायचा नाही हा त्यांचाच नियम; दुसरा हात स्टॉपवॉचला लागणार. तेव्हा ते म्हणाले, पाय घालतो. बादली भरली, मासळीवालीने आपल्या हाताने बर्फ ओतला, मामांनी पाय आत सोडला आणि कॉलेजातली एक जुनी गोष्ट सांगायला लागले. आम्ही "लागलं"ची वाट बघत होतो. एक मिनिट झालं, दोन झाली, गोष्टीत डीन आले, गेले. तीन मिनिटांनी मामांनी नियमाप्रमाणे पाय बाहेर काढला आणि ऐटीत म्हणाले, "शून्य." पडवीत टाळ्या पडल्या. मासळीवाली म्हणाली, "मामा, आता तुमचं पन नाव काडा यादीतून." सगळ्यात मोठ्याने हसलो तो मी.

मामींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या टॉवेल घेऊन खाली बसल्या, मामांचा पाय मांडीवर घेतला आणि पुसता पुसता थांबल्या. अंगठ्याच्या खाली तळव्याला जखम होती, आत खोल गेलेली, कडा काळ्या पडलेल्या. आठवडाभराची तरी असावी. मामा वाकून कुतूहलाने बघू लागले. "हे कधी झालं?" त्यांनी आम्हालाच विचारलं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते स्पष्ट होतं. साखरेने पायाच्या नसांची जाण गेली आहे, जखम आत पसरते आहे, अंगठा काढावा लागेल, आणि आठवडा दवडला तर नुसत्या अंगठ्यावर भागणार नाही, पाय जाईल. घरी येऊन मामांनी वही उघडली, आकडा पुन्हा तपासला आणि जाहीर केलं की ते कुठेही जाणार नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. दुखतं किती? शून्य. आणि शून्यावर कोणी माणूस ऑपरेशन करून घेत नाही. "एवढी वर्षं हे काम केलंय जावई. दुखणं म्हणजे शरीराने मारलेली हाक. हाक नाही तर जायचं कुठे?" मी म्हटलं, हाक मारणाराच मुका झाला असेल तर? त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली, पण हलले नाहीत. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर विश्वास ठेवला तिनेच दगा दिला होता, आणि ते मान्य करण्यापेक्षा त्यांना पाय गेलेला परवडत होता. हिने रडून पाहिलं. फादर येऊन समजावून गेले. मी रोज संध्याकाळी शाळा सुटली की मनवेलपाड्याला न जाता नंदाखालला जायचो आणि जखमेला येणाऱ्या वासाकडे दुर्लक्ष करत क्रिकेटबद्दल बोलायचो. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी मी पडवीत असताना मामी आतून आल्या. त्यांच्या हातात वही होती आणि तो छापील कागद होता, पिवळा पडलेला, त्यांच्या स्वतःच्या सहीचा. त्यांनी तो मामांपुढे ठेवला आणि उभ्या राहिल्या.

"माझं नाव खोडा," त्या म्हणाल्या.

"का?" मामांनी चष्मा वर करून विचारलं.

"कारण सांगायची गरज नाही. तुम्हीच लिहिलंय खाली."

मामा हसायचा प्रयत्न करत होते. मामी हसत नव्हत्या. "चाळीस वर्षं तुमच्या प्रयोगात आहे मी," त्या म्हणाल्या. "आज बाहेर पडते. जायच्या आधी शेवटचा आकडा लिहून घ्या."

सवयीने मामांनी पेन्सिल उचलली. "किती?"

"नऊ."

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. मामांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. "कशाचे नऊ?"

"तुमच्या पायाचे."

"पाय माझा आहे," मामा हळूच म्हणाले. "दुसऱ्याच्या पायाचा आकडा देता येत नाही."

"तुमचा पाय देत नाही ना? मग कोणीतरी द्यायला पाहिजे."

मामांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "मग इतकी वर्षं चार कसले सांगत होतीस?" मामी पायरीवर बसल्या. "तीन म्हटलं की तुम्ही म्हणायचात, पुन्हा करू, नीट लागलं नसेल. पाच म्हटलं की तुमचं तोंड उतरायचं, रात्रभर मलम चोळत बसायचात. चारला तुम्ही केळं द्यायचात आणि आपल्या कामाला जायचात." एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मला वाटतं मामांनी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते उठले. दोन्ही पायांत चप्पल आहे ना, हे त्यांनी खाली वाकून डोळ्यांनी बघून घेतलं आणि मला म्हणाले, "जावई, रिक्षा बोलवा."

अंगठा गेला, शेजारचं बोटही गेलं. पाय राहिला. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं, पण ते मला इथे लिहवत नाही. मामा दवाखान्यातही स्वस्थ नव्हते. शेजारच्या खाटांवरच्या सगळ्यांचे आकडे तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना पाठ झाले होते, आणि परिचारिका औषध द्यायच्या आधी त्यांनाच विचारू लागल्या होत्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी एक कोरा कागद काढला, त्यावर स्वतःचं नाव घातलं आणि पहिल्याच प्रश्नापुढे, 'आपण निरोगी आहात का?' याच्यापुढे, 'नाही' लिहून तो वहीत ठेवून दिला. त्यानंतर बादली त्यांनी कोणासाठी भरली नाही. आता तीत मामी इडलीचे तांदूळ भिजवतात. मासळीवाली अजून सवयीने फाटकाशी थांबते, "मामा, बरफ कोनाला पायजे का?" म्हणून विचारते, आणि मामा पडवीतूनच हात हलवून नाही म्हणतात. गावात आता कोणी कोणाला "किती?" विचारत नाही. मला त्यामुळे फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. माझी कंबर हल्ली दुखते आणि लोक मला "बरं वाटेल" असं सांगतात, त्याला काही अर्थ नसतो.

रोज संध्याकाळी लदीनची प्रार्थना म्हणून झाली की मामी मामांचा तो वाचलेला पाय मांडीवर घेतात. आधी बॅटरी लावून तळवा इंच न् इंच बघतात, भेग आहे का, फोड आहे का, आणि यात त्यांची फसगत कोणी करू शकत नाही. मग दुसरा कार्यक्रम. मासळीवालीने गळाच्या तंगुसाचा तुकडा दिला आहे, नायलॉनचा तो बारीक दोरा. त्याचं टोक मामी तळव्याला कुठेतरी टेकवतात, मामा डोळे मिटून बसतात आणि कळलं तर "हो" म्हणतात. नसेल कळलं तर गप्प. ही परीक्षाही मामांनीच बसवून दिली आहे, फक्त आता वही मामींकडे असते. बहुतेक संध्याकाळी बहुतेक वेळ मामा गप्पच असतात. जाण परत येईल असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, आणि हे दोघांनाही माहीत आहे.

परवा मी तिथे होतो. मामींनी सहा-सात ठिकाणी दोरा टेकवला. मामा गप्प होते. मामींचा चेहरा उतरत चालला होता, आणि मिटल्या डोळ्यांनीही तो मामांना दिसत असावा. मामींनी दोरा उचलला, तो हातातच होता, पायापासून चांगला वीतभर लांब, आणि पदराने कपाळ पुसायला त्या थांबल्या.

"हो," मामा म्हणाले.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. दुखलं की हात काढतो तो माणूस भरवशाचा, असं ज्याने माझ्याबद्दल एकदा सांगितलं होतं तो माणूस समोर डोळे मिटून बसला होता.

"किती?" मामींनी विचारलं.

"चार," मामा म्हणाले.

मामींनी वहीत चार लिहिलं आणि केळं आणायला त्या आत गेल्या.